दुपारचा विसावा

मंडळी, वैशाखाच्या दिवसांत तुम्ही कधी दीपनगरच्या बाजूला आला आहात काय? भुसावळ सोडून नागपूरच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागतात. वर पांढरे ऊन, खाली तापलेली काळी जमीन, अधूनमधून केळीच्या बागांचा हिरवा पट्टा, आणि तोंडावर येणाऱ्या गरम झळा. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी आम्हां खानदेशकरांना त्याचे नवल वाटत नाही. बारा वाजले, की रस्ते ओस पडतात. औत सुटते. बैल निंबाच्या सावलीत बसून रवंथ करू लागतात आणि औत हाकणारा डोक्याचा रुमाल उशाला घेऊन तिथेच लवंडतो. ह्याला जो आळस म्हणेल त्याने खानदेशातला एक उन्हाळा काढून पाहावा. त्या घटका दोन घटका अंग टाकले नाही, तर माणूस संध्याकाळचे काम करूच शकणार नाही.

ह्या निंबाखालच्या विसाव्याला अगदी नेमका बसेल असा एक शब्द आहे. पण तो आहे दूर फ्रान्स देशात. त्या शब्दाची आणि त्याच्या जोडीला आपल्या ‘विसावा’ ह्या शब्दाची हकीकत आज सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, उन्हाळ्याच्या दुपारी फ्रेंच भाषेचे काय काढले? पण जरा धीर धरा. ही गोष्ट फिरून आपल्याच शिवारात येते.

फ्रेंच भाषेत ‘शोमे’ असे एक क्रियापद आहे. त्याचे मूळ शोधत गेले, की आपण लॅटिनमधून थेट ग्रीक भाषेपर्यंत पोचतो. ग्रीक भाषेत ‘कौमा’ म्हणजे होरपळून टाकणारी उष्णता. जाळणे ह्या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो शब्द बनला. आपल्या ओळखीचा कॉस्टिक सोडा आहे ना, हाताला लागला तर कातडी भाजून काढणारा? त्यातले ‘कॉस्टिक’ ह्याच घराण्यातले. ग्रीकांचा ‘कौमा’ लॅटिन बोलणाऱ्यांनी उचलला. इसवी सनाच्या ४०० च्या सुमारास संत जेरोमने बायबल लॅटिनमध्ये आणले, त्यातही तो उष्णतेच्या अर्थाने आढळतो. पुढे लॅटिनच्या उतरत्या काळात त्यापासून ‘कौमारे’ असे क्रियापद झाले. त्याचा अर्थ होता, उन्हाच्या कडाक्यात काम थांबवून विसावणे.

म्हणजे बघा, शब्द मुळात उन्हाचा, आणि त्याचा अर्थ झाला सावलीतली विश्रांती! भूमध्य समुद्राकाठचे ऊनही काही साधे नाही. तिथल्या शेतकऱ्यालाही बारा वाजता विळा खाली ठेवावा लागे. शेजारच्या स्पेनमध्ये दुपारच्या झोपेला ‘सिएस्ता’ म्हणतात. तो शब्द ‘सहावा तास’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. सूर्योदयापासून मोजलेला सहावा तास म्हणजे आपले माध्यान्ह. दक्षिण फ्रान्सच्या बोलींत मेंढरांचा कळप दुपारी सावलीला घोळक्याने उभा राहतो, त्यालाही ह्याच ‘कौमारे’च्या वंशातले क्रियापद लावतात. धुळे जिल्ह्यातल्या ठेलाऱ्यांना हे चित्र काही समजावून सांगायला नको!

आता ‘कौमारे’चे ‘शोमे’ झाले कसे? शिक्षक बंधुभगिनींनी येथे थोडे लक्ष द्यावे, कारण वर्गात सांगण्याजोगी ही गंमत आहे. लॅटिनमधला आरंभीचा ‘का’ फ्रेंचमध्ये पुष्कळदा ‘श’ होतो. लॅटिन ‘कांतारे’ म्हणजे गाणे, त्याचे फ्रेंच झाले ‘शांते’. लॅटिन ‘काबाल्लुस’ म्हणजे घोडा, त्याचे झाले ‘शवाल’. आणि ‘औ’चा ‘ओ’ होणे तर आपल्याही घरचे आहे. संस्कृत ‘गौर’चे आपण ‘गोरा’ केले नाही काय? तसेच ‘कौमारे’चे ‘शोमे’. शब्द तोंडातोंडी झिजतात. पण झिजतात ते काही नियमाने झिजतात, वाटेल तसे नाही.

आणि हा नियम पाहिला नाही तर माणूस कसा फसतो तेही सांगतो. ह्याच ‘कौमा’चा एक वंशज इटलीवरून इंग्लंडात गेला आणि ‘शांत, निवांत’ ह्या अर्थाने तिथे रुजला. इंग्रज त्याचा उच्चार करतो ‘काम’! आपल्याकडे काम म्हणजे कष्ट, त्यांच्याकडे काम म्हणजे शांतता. एखाद्याला वाटेल, काहीतरी नाते असलेच पाहिजे. पण नाही. आपले ‘काम’ संस्कृत ‘कर्म’वरून आले, त्यांचे ग्रीक उन्हावरून. दोन माणसांचे चेहरे सारखे असले म्हणून ती भाऊ ठरत नाहीत. त्यासाठी घराण्याची वंशावळ पाहावी लागते.

असो. आता फ्रेंच शब्दाचे पुढे काय झाले ते ऐका. आधी ‘शोमे’ म्हणजे उन्हासाठी काम थांबवणे. मग ऊन मागे पडले आणि कोणत्याही कारणाने काम थांबवणे एवढाच अर्थ उरला. मध्ययुगात संतांच्या सणांना काम करायचे नाही, असा चर्चचा दंडक होता. तो पाळणे म्हणजे सण ‘शोमे’ करणे. आपण पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. आदल्या दिवशी हळद-तूप लावून त्याची खांदेमळणी करतो. दुसऱ्या दिवशी त्याला सजवून पुरणपोळी चारतो. तशातलाच हा प्रकार. तोवर शब्द आनंदाचा होता.

पुढे गिरण्या आणि कारखाने आले. मालाला गिऱ्हाईक नसले, की यंत्र थांबे. यंत्र थांबले, की मजूर थांबे. ह्या थांबण्यालाही लोकांनी जुनाच शब्द लावला. पण हे थांबणे निंबाखालचे नव्हते. संध्याकाळी ऊन उतरले म्हणून पुन्हा औत जुंपायचे असते, तसे ह्यात काही नव्हते. उद्या बोलावतील, परवा बोलावतील, म्हणून माणूस वाट पाहत बसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशांची संख्या इतकी झाली, की १८९६ च्या फ्रान्सच्या जनगणनेत बेकारांची वेगळी मोजदाद झाली. त्यांना नाव मिळाले ते ह्याच शब्दावरून. आज तिथे ‘शोमाझ’ म्हणजे बेकारी. दमलेल्या फ्रेंच माणसाला आज विसावा घ्यायचा असेल तर तो दुसरेच क्रियापद वापरतो. ‘शोमे’ म्हटले तर लोक समजतात, ह्याची नोकरी गेली. जुन्या अर्थाचा एक अंश मात्र टिकून आहे. सुटीच्या दिवसाला लावण्याच्या विशेषणात तो अजून दिसतो. १ मे हा कामगार दिन १९४७ च्या कायद्याने तिथे पगारी सुटीचा ठरला, त्याला हेच विशेषण लावतात. म्हणजे एकाच शब्दाच्या एका अंगाला पगारी सुटी, आणि दुसऱ्या अंगाला पगारच नाही!

आता आपल्या घराकडे वळू. ‘विसावा’ हा शब्द आला संस्कृत ‘विश्राम’ ह्यावरून. प्राकृतात त्याचे ‘विस्साम’, ‘वीसाम’ झाले आणि मराठीत ‘विसावा’. शब्दाच्या आतल्या ‘म’चा ‘व’ होणे ही मराठीची जुनी खोड. ‘ग्राम’चे गाव झाले, ‘नाम’चे नाव झाले, तसेच हे. ‘श्र’चा ‘स’ही नेहमीचाच, ‘आश्रय’चा आसरा झाला तो असाच. शेजारच्या गुजरातेत ‘म’ तसाच राहिला, म्हणून ते ‘विसामो’ म्हणतात. आणि जो इहीर म्हणतो, इठ्ठल म्हणतो, त्याच्या तोंडी तो ‘इसावा’ होतो. त्याला कोणी हसू नये. त्याच्या जिभेवरही भाषेचा नियमच काम करीत असतो.

पण खरी मौज पुढे आहे. ‘विश्राम’ ह्या शब्दाची फोड करा. ‘वि’ म्हणजे दूर, वेगळा. वियोग, विरक्त ह्यांतला. आणि उरले काय? ‘श्रम’! विश्रांतीच्या पोटात श्रम बसलेले आहेत. श्रम होते आणि ते बाजूला ठेवले, म्हणजे विश्राम. ज्याने श्रम केलेच नाहीत त्याला विश्राम कसला? शाळेच्या मैदानावर आपण मुलांना ‘सावधान’ म्हणतो आणि मग ‘विश्राम’ म्हणतो. आधी ‘विश्राम’ म्हणून भागत नाही. पंढरीच्या वाटेवर मुक्ताईनगरहून पालखी निघते. ती दुपारी टेकते तो विसावा आणि रात्री उतरते तो मुक्काम. ‘मुक्काम’ हा शब्द अरबी, त्याच्या धातूचा अर्थ उभे राहणे. पण विसावा आपला, पायांच्या श्रमांतून आलेला. विसावा झाला, की पालखी पुन्हा उचलायची, हे त्यात धरलेलेच असते. इतकेच काय, अखेरच्या यात्रेतही वाटेत तिरडी क्षणभर खाली ठेवतात आणि खांदेकरी जागा बदलतात. त्या जागेलाही लोक विसावाच म्हणतात.

ह्या घराबाहेरचेही काही शब्द आपल्याकडे सुखाने नांदतात. ‘आराम’ फारसीतून आला, पण त्याचे मूळ आपल्या संस्कृत ‘रम्’ धातूशी भाऊबंदकीचे आहे. ‘स्वल्पविराम’ आणि ‘पूर्णविराम’ ह्यांतला ‘विराम’ त्याच धातूचा. ‘फुरसत’ अरबी. ‘दम खाणे’ ह्यातला दम, म्हणजे श्वास, फारसी. ‘सुटी’ मात्र ‘सुटणे’ ह्याच्या जवळची. जुवाखालून बैल सुटतो तशी.

तर मग, फ्रेंच शब्द घसरला आणि आपला शब्द शुद्ध राहिला, असे म्हणून आपण मिशीवर ताव द्यावा काय? नाही मंडळी, तसे नाही. आपल्याकडेही तोच प्रकार झाला, फक्त दुसऱ्या शब्दाला झाला. ‘बसणे’ हे साधे क्रियापद घ्या. दारी आलेल्या पाहुण्याला आपण म्हणतो, “या, दोन घटका बसा.” किती गोड शब्द! आणि शेजारीण विचारते, “मुलगा काय करतो हो?” तेव्हा आई खालच्या आवाजात सांगते, “सध्या घरीच बसलेला आहे.” शब्द तोच. पण पहिल्या बसण्यात मान आहे, आणि दुसऱ्या बसण्यात रात्रीची झोप उडालेली आहे. फ्रेंच शेतकऱ्याच्या शब्दाचे जे झाले तेच आपल्या ‘बसणे’चे झाले. निंबाखाली बसणारा आणि घरी बसलेला, ह्या दोघांत फरक एवढाच, की पहिल्याची वाट जू पाहत आहे, आणि दुसरा जुवाची वाट पाहत आहे.

खानदेशाला हा फरक शिकवावा लागत नाही. आपल्याकडे आखाजीचा सण असतो. अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली. तो येतो ऐन उन्हाळ्यात, शेते मोकळी पडलेली असताना. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. वर्षभर जिला चुलीपुढून उठता आले नाही, ती चार दिवस झोक्यावर बसते. उन्हाने दिलेली ही सुटीच म्हणायची. जुन्या ‘शोमे’ची खरी सोबतीण! आणि त्याच आखाजीला सालदाराचे सालही संपते. नवे साल कोणाकडे, किती रुपयांवर, हे ठरायचे असते. ज्याचे ठरले त्याची आखाजी गोड होते. ज्याचे ठरले नाही, त्यालाही तेच ऊन आणि तीच सावली असते. पण त्या सावलीत त्याचे मन रमत नाही.

गिरण्यांचेही असेच. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल ह्यांच्या भोंग्यांवर एके काळी गावे उठत होती आणि जेवायला बसत होती. भोंगा कामावर बोलावी आणि भोंगाच सुटी देई. पुढे ह्या गिरण्या बंद झाल्या. त्यानंतर कामगारांना सारा दिवस मोकळा मिळाला, पण त्याला कोणी विसावा म्हटले नाही.

ह्यासाठीच आपल्या पूर्वजांनी दोन लढाया वेगवेगळ्या लढल्या आहेत, आणि त्या दोन्ही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली विसाव्यासाठी. मुंबईच्या गिरण्यांत १८९० पूर्वी आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना एकत्र करण्यास आरंभ केला. २४ एप्रिल १८९० रोजी भरलेल्या त्यांच्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्यात दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हे. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुटी आली. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने आणखी एक गोष्ट घातली: सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवीच. निंबाखालचा विसावा अशा रीतीने कायद्याच्या कलमात येऊन बसला.

दुसरी लढाई कामासाठी. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते तो विसरलेले नाहीत. विहिरी आटल्या, गुरे विकली गेली, आणि लाखो माणसे खडी फोडायला, रस्ते आणि पाझर तलाव बांधायला उन्हात उतरली. वाटलेल्या सुकडीवर पोरे जगली. त्या दिवसांत सावली फुकट होती, पण कोणाला ती नको होती. हवे होते ते काम. वि. स. पागे ह्यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना ह्याच काळात राज्यभर रुजली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खेड्यातला जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते मिळाले पाहिजे. पंधरा दिवसांत मिळाले नाही तर त्याला भत्ता द्यावा, असे त्यात म्हटले होते. २००५ साली साऱ्या देशासाठी असाच कायदा झाला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

ह्या दोन लढाया परस्परांच्या विरुद्ध आहेत असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. एकीत माणूस म्हणतो, काम थांबवा. दुसरीत म्हणतो, काम द्या. पण ‘विश्राम’ ह्या शब्दाची फोड आठवा. श्रम नसेल तर विश्राम नाही, आणि विश्राम नसेल तर श्रम करणारा टिकत नाही. मागणी एकच आहे, तिची अंगे दोन.

जाता जाता पुन्हा एकदा दीपनगरला येऊ. येथे १९६८ साली विजेचा पहिला संच सुरू झाला. पुढे १९७९ आणि १९८२ मध्ये २१० मेगावॉटचे दोन संच आले, आणि त्यानंतर ५०० मेगावॉटचे दोन. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, आणि त्या वाफेवर चक्र फिरवून दिवे लावायचे, असा येथला धंदा. त्या ग्रीक शब्दातली जळती उष्णता येथे रात्रंदिवस कामाला जुंपलेली आहे. येथल्या यंत्रालाही मधून मधून थांबवतात, उघडतात, साफ करतात आणि पुन्हा चालू करतात. तो त्याचा विसावा. पण १९६८ चा तो पहिला संच आता कायमचा थांबला आहे. त्याला कोणी विसावा म्हणत नाही. यंत्राने आपले काम केले, थकले, थांबले. त्याला दुःख नाही. माणसाचे मात्र तसे नसते. त्याला उद्या सकाळी आपले काही काम आहे हे ठाऊक असावे लागते, तरच आज दुपारी त्याचा डोळा लागतो.

शिक्षक मंडळींना एक सुचवून ही गोष्ट संपवतो. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना निबंध लिहायला सांगण्याऐवजी एवढेच सांगा: आपल्या घरी आजी, आजोबा, आई, सालदार, मेंढपाळ विश्रांतीला कोणकोणते शब्द वापरतात ते वहीत लिहून आणा. विसावा, टेकणे, दम खाणे, अंग टाकणे, उसंत, सवड आणि आणखी कितीतरी मिळतील. अहिराणीतले, तावडीतले, लेवा बोलीतले वेगळे मिळतील. आणि शेजारी एक रकाना आखून हेही विचारायला सांगा, की “आजी, तू शेवटची कधी विसावलीस?” पहिला रकाना भाषेच्या तासाला उपयोगी पडेल. दुसरा वाचून मुले घरी गेल्यावर कदाचित आजीच्या हातातली घागर घेतील.